एमिली विल्सन यांच्या इंग्रजी ‘ओडिसी’ आणि ‘इलियड’ : घराशी निष्ठा आणि तिची किंमत

प्राचीन ग्रीक कवी होमरची दोन महाकाव्ये इंग्रजीतून वाचायची ठरवली की पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणता अनुवाद घ्यावा हा, कारण गेल्या चारशे वर्षांत इंग्रजीत त्यांचे इतके अनुवाद झाले आहेत की नवख्या वाचकाला निवड करणे अवघड होऊन बसते. एमिली विल्सन या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ग्रीक-रोमन वाङ्मय शिकवतात. त्यांच्या अनुवादातील ‘ओडिसी’ २०१७ साली आणि ‘इलियड’ २०२३ साली नॉर्टन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. मी या दोन्ही ग्रंथांची पारख एकाच कसोटीवर करणार आहे. बाप-लेक, नवरा-बायको, मालक-गुलाम, सासरा-सून अशी जी माणसे या काव्यांत एकमेकांना धरून राहतात किंवा सोडून देतात, ती या अनुवादात किती स्पष्ट दिसतात, हा माझा प्रश्न आहे. होमरच्या काव्यांत युद्ध, समुद्र आणि देव पुष्कळ असले तरी त्यांचा कणा घर हाच आहे, आणि जो अनुवाद घराकडे नीट पाहत नाही तो बाकी कितीही भव्य असला तरी माझ्या दृष्टीने अपुरा आहे.

आधी ग्रंथांच्या स्वरूपाविषयी थोडे. मूळ ‘ओडिसी’ चोवीस सर्गांची आणि १२,११० ओळींची आहे, आणि विल्सन यांनी आपला अनुवादही तितक्याच ओळींत बसवला आहे. मुळातले सहा गणांचे वृत्त इंग्रजीत टिकत नाही, म्हणून त्यांनी इंग्रजी नाट्यकाव्याला सवयीचे पाच आघातांचे वृत्त घेतले आहे, ज्यामुळे ओळ आखूड होते आणि वेग येतो. सुरुवातीची प्रस्तावना सुमारे ऐंशी पानांची असून शेवटी टिपा आणि विशेषनामांची सूची आहे. उच्चारांचे मार्गदर्शनही दिलेले असल्याने परक्या नावांशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्याची चांगली सोय होते. मुळात १५,६९३ ओळींच्या ‘इलियड’साठीही वृत्त तेच आहे, मात्र तेथे ओळींच्या संख्येचे बंधन त्यांनी पाळलेले नाही. हा निर्णय योग्य होता असे मला वाटते, आणि त्याचे कारण पुढे ओघात येईलच.

‘ओडिसी’तील कुटुंबनिष्ठेची गोष्ट सुरू होते ती संशयाने. इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला गेला तो परतलेलाच नाही. अथीना देवी पाहुण्याच्या वेषात इथाकाला येते आणि टेलेमॅकसला विचारते की तू ओडिसियसचाच मुलगा ना. तो जे उत्तर देतो ते कोणत्याही महाकाव्यात मला फार धाडसाचे वाटते : आई म्हणते की मी त्याचा मुलगा, मला स्वतःला ते ठाऊक नाही, आपला बाप कोण हे कोणालाच स्वतःहून कळत नाही. वीस वर्षे घरी नसलेल्या बापाविषयी मुलाची निष्ठा रक्तातून आपोआप येत नाही, ती त्याला मिळवावी लागते, आणि काव्याचे पहिले चार सर्ग या मिळवण्याचेच आहेत. विल्सन यांची साधी, सरळ इंग्रजी येथे फार उपयोगी पडते, कारण टेलेमॅकस हा पंचविशीच्या आतला, गोंधळलेला, आईवर डाफरणारा आणि लगेच बावरणारा मुलगा आहे हे भाषेच्या वजनाखाली दडपून जात नाही. तो आपल्या आईला, पेनेलोपीला, सर्वांदेखत आत जाऊन आपल्या मागावर बसायला सांगतो आणि बोलणे हे पुरुषांचे काम असल्याचे सुनावतो, तेव्हा त्याच्या आवाजातला नवखेपणा ऐकू येतो. पण तोच मुलगा दुसऱ्या सर्गात आईला तिच्या बापाकडे परत पाठवायला साफ नकार देतो. तिच्या बापाला मोठी भरपाई द्यावी लागेल, आणि घर सोडताना आई शाप देईल, ही त्याची कारणे आहेत. या दोन प्रसंगांतला ताण ज्याला जाणवला त्याला टेलेमॅकस कळला.

त्याच्यासमोर सतत एक उदाहरण ठेवले जाते. ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन ट्रॉयहून परतला, त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एजिस्थस यांनी मिळून त्याचा काटा काढला, आणि मुलगा ओरेस्टिस याने बापाचा सूड घेतला. देव, राजे आणि प्रेतात्मे हीच कथा पुन्हा पुन्हा सांगतात. ओरेस्टिससारखा हो, असे टेलेमॅकसला सांगितले जाते, आणि क्लायटेम्नेस्ट्रासारखी निघू नकोस, ही अपेक्षा न बोलता पेनेलोपीच्या डोक्यावर टांगलेली राहते. पेनेलोपीची निष्ठा म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती कायम पहाऱ्याखाली असते. तिच्याशी लग्न करू पाहणारे १०८ मागणीदार घरात ठाण मांडून बसले आहेत, त्यांच्यापैकी एकट्या ड्युलिकियम बेटावरून ५२ आले आहेत, आणि तिच्या हाती आहे फक्त माग. सासरे लेअर्टीस यांच्यासाठी कफन विणते आहे, ते पुरे झाले की लग्न करीन, असे सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. हे तीन वर्षे चालते, आणि चौथ्या वर्षी घरातल्याच एका दासीने फोडल्यामुळे ती पकडली जाते. विल्सन यांच्या पेनेलोपीचे वैशिष्ट्य असे की ती नुसती वाट पाहणारी सोशिक पत्नी वाटत नाही, तर बुद्धीने नवऱ्याच्या तोडीची आणि म्हणूनच त्याच्याइतकीच सावध बाई वाटते.

तेविसाव्या सर्गातली पलंगाची परीक्षा याचा कळस आहे. नवरा आला, मागणीदार मेले, म्हातारी दाई युरिक्लिया आनंदाने हसते आहे, तरी पेनेलोपी दूर बसून त्या माणसाकडे पाहत राहते. मुलगा चिडून म्हणतो की तुझे काळीज दगडाहून कठीण आहे. मग ती युरिक्लियाला सहज सांगते की यांच्यासाठी तो पलंग बाहेर काढून दे, आणि ओडिसियस भडकतो, कारण तो पलंग जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हच्या जिवंत झाडाचा खांब करून त्याने स्वतः घडवलेला होता, तो हलेलच कसा! जगभराला फसवत आलेला हा पुरुष इथे बायकोकडून फसतो, आणि त्या फसण्यातच त्याची ओळख पटते. त्यानंतर येणारी उपमा, बुडालेल्या जहाजातून पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांची, ओडिसियससाठी असेल असे आपण धरून चालतो, पण ती लागू होते पेनेलोपीला. तीही वीस वर्षे समुद्रातच होती. विल्सन हा वळसा अजिबात न खुलवता, ओळीच्या ओघात येऊ देतात, आणि म्हणूनच तो मनाला लागतो.

या अनुवादाचे खरे मोल मात्र मला दिसले ते घरातल्या गुलामांच्या चित्रणात. इथाकाचे घर म्हणजे राजा, राणी आणि राजपुत्र एवढेच नाही, तर त्यात डुकरे राखणारा युमियस आहे, ओडिसियसची दाई युरिक्लिया आहे, आणि पन्नास दासी आहेत. युमियस स्वतः एका राजाचा मुलगा. फिनिशियन व्यापाऱ्यांनी त्याला लहानपणी पळवून नेले, लेअर्टीसने विकत घेतले, आणि ओडिसियसच्या आईने आपल्या मुलीबरोबर त्याला वाढवले. युरिक्लियाला तरुणपणी वीस बैलांच्या मोलाने विकत घेतलेले होते. या दोघांची मालकाच्या घरावरची माया खोटी नाही, पण ती विकत घेतलेल्या माणसांची माया आहे हे काव्य विसरत नाही. पूर्वीच्या अनेक अनुवादांत या स्त्रिया पगारी मोलकरणींसारख्या वाटत असत. विल्सन त्यांना गुलाम म्हणतात, आणि एवढ्याने बाविसाव्या सर्गाचा अर्थच पालटतो.

तो सर्ग वाचताना मन घट्ट करावे लागते. मागणीदारांना मारून झाल्यावर ओडिसियस युरिक्लियाला विचारतो की दासींपैकी बेइमान कोण, आणि ती पन्नासांतल्या बारा जणींकडे बोट दाखवते. त्या मागणीदारांबरोबर शय्येला गेल्या, हा त्यांचा गुन्हा. त्यांना आधी प्रेते उचलायला आणि रक्ताने माखलेली मेजे-खुर्च्या धुवायला लावले जाते. त्यांना तलवारीने मारावे असा बापाचा हुकूम असतो, पण टेलेमॅकस म्हणतो की माझा आणि आईचा अपमान करणाऱ्या यांना स्वच्छ मरण मिळणार नाही, आणि जहाजाचा दोर बांधून तो सगळ्यांना ओळीने फास देतो. त्यांना जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा येते, आणि त्यांचे पाय थोडा वेळच थरथरले, फार वेळ नाही, असे कवी सांगतो. ज्या टेलेमॅकसला आपला बाप कोण याची खात्री नव्हती तो या क्षणी बापाचा मुलगा होतो. काही आधुनिक इंग्रजी अनुवादकांनी येथे टेलेमॅकसच्या तोंडी मुळात नसलेल्या घाणेरड्या शिव्या घातल्या, ज्यामुळे त्या बायकांची कीव यायची सोय उरली नाही. विल्सन तसे काही करत नाहीत. ज्यांना नाही म्हणण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याकडून घराशी निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या प्रस्तावनेत सविस्तर मांडतात, आणि अनुवादात मात्र फक्त घटना दाखवून थांबतात. हा संयम मला फार आवडला.

त्या दासींत मेलॅन्थो नावाची एक आहे. तिला पेनेलोपीने स्वतःच्या मुलीसारखे वाढवले, हौसेने खेळणी दिली, आणि तरी ती शत्रूंच्या बाजूला गेली. तिच्या बापाचे नाव डोलियस. शेवटच्या सर्गात डोलियस नावाचा म्हातारा गुलाम आपल्या सहा मुलांसह ओडिसियसच्या बाजूने शस्त्र उचलतो, आणि तो हाच डोलियस असेल तर मुलीला आणि दुसऱ्या मुलाला ज्याने ठार केले त्याच मालकासाठी तो लढायला उभा राहतो. काव्य यावर एक अक्षरही बोलत नाही.

चोविसावा सर्ग पुष्कळांना शेपटासारखा लोंबणारा वाटतो, पण कुटुंबाच्या दृष्टीने तो अनिवार्य आहे. लेअर्टीस शहर सोडून शेतावर राहतो आहे, ठिगळ लावलेले कपडे घालून झाडांना माती लावतो आहे. ओडिसियस बापाशीही आधी खोटे बोलतो, आणि म्हातारा मूठभर धूळ डोक्यावर घालून कण्हू लागतो तेव्हाच त्याला राहवत नाही. ओळख पटवण्यासाठी तो मांडीवरचा व्रण दाखवतो, आणि मग लहानपणी बापाच्या मागे मागे बागेत फिरताना त्याने आपल्याला दिलेली झाडे मोजून दाखवतो : १३ नासपती, १० सफरचंद, ४० अंजीर, आणि द्राक्षवेलींच्या ५० ओळी. राज्य, पराक्रम, देवांची कृपा यांतले काहीच येथे कामाला येत नाही. मुलाला झाडांचा हिशेब पाठ आहे, एवढ्यावर बापाचा विश्वास बसतो. दोन्ही काव्यांत बाप-लेकाच्या नात्याविषयी याहून खरे काही मी वाचलेले नाही.

पण काव्य तेथे थांबत नाही, कारण मेलेल्या मागणीदारांनाही बाप आहेत. अँटिनोअसचा बाप युपायथीस मुलासाठी रडतो, गावकऱ्यांना उठवतो आणि सूड घ्यायला निघतो. याच युपायथीसला एके काळी ओडिसियसने जमावापासून वाचवले होते. आजोबा, बाप आणि नातू असे तिघे शेजारी शेजारी उभे राहतात, मुलगा आणि नातू शौर्यात चढाओढ करताहेत हे पाहून लेअर्टीसला धन्यता वाटते, आणि तोच म्हातारा भाला फेकून युपायथीसला ठार करतो. एका बापाची धन्यता आणि दुसऱ्या बापाचा शोक एकमेकांसमोर येतात. दोन्हीकडे निष्ठा सारखीच खरी असल्यामुळे हे भांडण माणसांकडून मिटण्यासारखे राहत नाही, ते देवांना मध्ये पडून थांबवावे लागते.

‘इलियड’कडे वळताना वाचकाला भाषेत फरक जाणवेल. येथे विल्सन यांनी ओळी वाढवून घेतल्या आहेत आणि त्यामुळे भाषणांना श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर रणांगणातून नगरात येतो तेव्हा त्याला आधी आई, मग भावजय हेलन आणि शेवटी पत्नी अँड्रोमॅकी भेटते, आणि तिघी आपापल्या परीने त्याला थांबवू पाहतात. अँड्रोमॅकीचा बाप आणि सात भाऊ ग्रीक वीर अकिलीसने मारले आहेत. ती म्हणते की आता बाप तू, आई तू, भाऊ तू, आणि नवराही तूच. तिच्या बोलण्यात केवळ रडणे नाही. तटाचा कोणता भाग कच्चा आहे आणि सैन्य कोठे उभे करावे, हेही ती सांगते. हेक्टर कबूल करतो की ट्रॉय पडणार हे त्याला ठाऊक आहे, आणि आई-बाप-भावांच्या दुःखापेक्षा तिला कोणी गुलाम करून नेईल याचे त्याला अधिक वाटते, तरीही तो लढायला जातो. त्याचे शिरस्त्राण पाहून लहानगा मुलगा दाईच्या कुशीत घाबरून शिरतो, आई-बाप हसतात, आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. विल्सन यांचे हे पान मी कोणालाही वाचायला देईन.

नवव्या सर्गात फिनिक्स हा वृद्ध अकिलीसला मेलिएगरची कथा सांगतो, जी घाईत वाचणारे वाचक ओलांडून जातात. मेलिएगरने मामाला मारले, म्हणून आईने पोटच्या मुलाला शाप दिला. भावाशी निष्ठा आणि मुलाशी निष्ठा यांत तिने भावाला निवडले. बाप, बहिणी, मित्र यांच्या विनवण्यांना न बधलेला मेलिएगर शेवटी पत्नीच्या शब्दाने लढायला उठतो. येथे विल्सन यांच्या टिपा उपयोगी पडतात, कारण नाती गुंतागुंतीची आहेत.

शेवटच्या सर्गात, हेक्टर अकिलीसच्या हातून मेल्यावर, त्याचा बाप प्रायम शत्रूच्या तंबूत येऊन, ज्या हातांनी आपले मुलगे मारले त्याच हातांचे चुंबन घेतो आणि अकिलीसला त्याच्या म्हाताऱ्या बापाची आठवण देतो. प्रायमला पन्नास मुलगे होते, त्यांतले एकोणीस एकाच आईचे. दोघे एकाच खोलीत रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी आपल्या बापासाठी, कधी मेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठी. हा प्रसंग विल्सन यांनी उत्तम उतरवला आहे. त्यानंतर हेलन हेक्टरच्या प्रेताशी विलाप करताना म्हणते की दीर, नणंदा, जावा, सासू यांपैकी कोणी टाकून बोलले तर तू त्यांना आवरायचास. मुळात या प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, मराठीतही आहे, आणि इंग्रजीत मात्र सगळे एकाच साच्यात कोंबावे लागते. सासरच्या माणसांत परक्या सुनेला कोणाचा आधार होता हे मराठी वाचकाला या ओळींत इंग्रजी वाचकापेक्षा अधिक कळेल. हा दोष अनुवादकाचा नाही.

दोष आहेत ते दुसरीकडे. पहाटेची गुलाबी बोटे, वेगवान पायांचा अकिलीस, अशी ठरीव विशेषणे होमरमध्ये शेकडो वेळा येतात, कारण ही काव्ये मौखिक परंपरेतून आली, आणि पुनरुक्ती हा तिचा पाया होता. विल्सन ‘ओडिसी’त ती विशेषणे मुद्दाम बदलत जातात, ज्यामुळे वाचन कंटाळवाणे होत नाही, पण कीर्तनातल्या ध्रुपदासारखे परत परत येणारे जे सुख आहे ते हरवते. ओळींची संख्या पाळण्याच्या हट्टामुळे ‘ओडिसी’त काही ठिकाणी वाक्य आवळले गेले आहे, विशेषतः अकराव्या सर्गात, ओडिसियस आणि त्याची आई मृतांच्या राज्यात भेटतात तेथे मला अधिक संथपणा हवा होता. तुझ्या आठवणीनेच मी गेले, असे अँटिक्लिया सांगते, आणि तो तीनदा तिला कवेत घेऊ पाहतो, तीनदा ती सावलीसारखी निसटते. एवढ्या प्रसंगाला आणखी चार ओळी मिळाल्या असत्या तर बरे झाले असते.

दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर ‘ओडिसी’ घ्यावी, कारण पात्रे कमी आहेत आणि घर सर्वत्र दिसते. प्रस्तावना उत्तम आहे, पण तिच्यात कथानक उघड होते, म्हणून कथा ठाऊक नसलेल्यांनी ती शेवटी वाचावी. ऐकण्याची आवड असणाऱ्यांसाठी ‘ओडिसी’ क्लेअर डेन्स यांच्या आणि ‘इलियड’ ऑड्रा मॅकडोनाल्ड यांच्या आवाजात उपलब्ध आहे, आणि विल्सन यांचे वृत्त मोठ्याने म्हणण्यासाठीच रचलेले असल्यामुळे ऐकताना ते अधिक उलगडते. घरात दहावी-बारावीची मुले असतील तर पहिले चार सर्ग त्यांच्याबरोबर वाचावेत. बाविसावा सर्ग मात्र त्यांना एकट्याने वाचायला देऊ नये, सोबत बसून वाचावा, आणि त्या बारा जणींविषयी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना वेळ द्यावा.